हार्टोग्सचा त्रिकोण स्यूडोकॉन्व्हेक्स आहे, तरी फंक्शन बाहेर का सांडतं?

खानापूरची_गेस्ट:

नमस्कार. मी खानापूरला डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे. बीएस्सीला रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा शिकवते. धारवाडला एमएस्सी करताना कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस एका चलापर्यंतच झालं, पुढचं आता माझं मीच वाचायला घेतलंय. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेनं माल्ग्रांज या फ्रेंच गणितज्ञाच्या, अनेक संमिश्र चलांवरच्या १९५८ च्या व्याख्यानांच्या नोट्स फुकट ठेवल्यात, त्या स्टँडाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणल्या. पावसाळ्यात इकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून स्क्रीनवर वाचायच्या भानगडीत पडले नाही.

शाळा मराठी, पीयूसीपासून सगळं इंग्रजी, त्यामुळे माझी भाषा खिचडी होणार, सांभाळून घ्या. दोन संमिश्र चलांना मी झ आणि व म्हणते. उभ्या रेघांमध्ये घातलं की मापांक.

एका चलात सगळं सरळ होतं. कुठलंही डोमेन घ्या, त्यावर असं एक होलोमॉर्फिक (संमिश्र चलात डेरिव्हेटिव्ह घेता येणारं) फंक्शन सापडतंच जे सीमेच्या कुठल्याच बिंदूपलीकडे जात नाही. दोन चलांत हे बिघडतं. हार्टोग्सचं १९०६ चं उदाहरण हातानं करून बघितलं. |झ| < १/२, |व| < १ हा एक भाग आणि |झ| < १, १/२ < |व| < १ हा दुसरा. दोन्ही जोडून जी काटकोनी पट्टी होते, तिच्यावरचं प्रत्येक होलोमॉर्फिक फंक्शन अख्ख्या बायडिस्कवर (दोन्ही मापांक १ पेक्षा लहान) जातं. कोशीचं इंटिग्रल लिहिलं की दोन ओळींत काम संपतं. असं सक्तीनं बाहेर जाणं ज्या डोमेनच्या नशिबी नाही ते डोमेन ऑफ होलोमॉर्फी, आणि तेच स्यूडोकॉन्व्हेक्स, इथपर्यंत आले.

आता हार्टोग्सचा त्रिकोण, |झ| < |व| < १. झ/व ला नवं चल धरलं की हा त्रिकोण म्हणजे एक डिस्क गुणिले मध्ये भोक पाडलेली डिस्क. म्हणजे डोमेन ऑफ होलोमॉर्फी, प्रश्नच नाही. पण मैत्रिणीनं पाठवलेल्या एका टिपणात पुढचं वाक्य असं: त्रिकोणाच्या क्लोजरच्या (त्रिकोण आणि त्याची सीमा मिळून) भोवती, मग ती जागा कितीही चिंचोळी असो, जे फंक्शन होलोमॉर्फिक आहे ते अख्ख्या बायडिस्कवर विस्तारतं.

हे कसं काय? डोमेन ऑफ होलोमॉर्फीही आहे आणि फंक्शन्स बाहेरही जातात? क्लोजरचा नुसता आतला भाग घेतला तर परत हाच त्रिकोण येतो, तेव्हा कुठे एखादी रेघ उगाच वगळल्यामुळे हे होतंय असंही नाही. स्टाफरूममध्ये |झ| आणि |व| च्या आलेखावर तो काढून बसले होते, तर केमिस्ट्रीचे सर डोकावून म्हणाले, ‘एन्री मॅडम, इदु ट्रायँगल अल्वा?’ हो सर, ट्रायँगलच. तोच पिडतोय.

माझं विचारणं दोन गोष्टींचं आहे. ही विसंगती सुटते कुठे? आणि फंक्शननं सीमेपर्यंत नीट वागावं अशी अट घातली, आधी नुसतं बाउंडेड, मग सतत, मग डेरिव्हेटिव्हसकट, तर नेमक्या कुठल्या अटीपासून ते सांडायला लागतं?


निपाणीकर_क्लासवाला:

मॅडम, मी काय पीएचडीवाला नव्हे, निपाणीत बारावीचे क्लास घेतो. पण मला वाटतंय हे टोकामुळं होतंय. आलेखात शून्यापाशी अणकुची आलीय बघा, तिथं सीमा गुळगुळीत न्हाई. गुळगुळीत सीमा असती तर असलं काय झालं नसतं. जाणकार सांगतीलच, मीबी वाट बघायलोय.


शहापूरचे_निवृत्त:

निपाणीकर, टोक आहे हे खरं, पण नुसत्या टोकावर खापर फोडू नका. टोकं बायडिस्कलाही आहेत, |झ| = १ आणि |व| = १ जिथे भेटतात तिथे. तरी बायडिस्कच्या क्लोजरला जराशा मोठ्या बायडिस्कनं झाकता येतं आणि काही सांडत नाही. टोक कुठे बसलंय ते बघा. इथे ते आरंभबिंदूवर बसलंय, सगळी करामत तिथली.

मॅडम, तुमची विसंगती खरं म्हणजे विसंगती नाहीच. तुम्ही फंक्शन्सच्या दोन वेगळ्या गटांना एकाच पंक्तीला बसवलंत. डोमेन ऑफ होलोमॉर्फी म्हणताना आत होलोमॉर्फिक असलेलं कुठलंही फंक्शन चालतं. सीमेजवळ ते अनंताला जाईना का, कोणी विचारत नाही. तुमच्या त्रिकोणाला अशी फंक्शन्स रग्गड आहेत. ज्याचा मापांक १ असा एक संमिश्र अ घ्या आणि १/(झ − अव) बघा. छेद शून्य व्हायला |झ| = |व| लागतं, म्हणजे आत ते निर्धोक आणि तिरक्या सीमेवर बरोबर हव्या त्या जागी फुटणारं. वरच्या सीमेसाठी १/(व − अ). आरंभबिंदूसाठी १/व. झालं, सीमेचा एकही बिंदू सुटला नाही.

टिपणातलं वाक्य दुसऱ्या गटाबद्दल आहे, क्लोजरच्या भोवतीही होलोमॉर्फिक असणाऱ्यांबद्दल. मी आत्ता लिहिलेल्यांपैकी एकही त्या गटात बसत नाही, कारण प्रत्येकाचा स्फोट क्लोजरवरच आहे. गट बदलला, उत्तर बदललं.

आता ते बायडिस्कवर जातं कसं, हे तुमच्याच काटकोनी पट्टीच्या पद्धतीनं करा. फ हे क्लोजरभोवती होलोमॉर्फिक. |व| = १ या वर्तुळावर झ कुठेही १ च्या आत असला तरी तो बिंदू क्लोजरमध्येच आहे. म्हणून झ स्थिर ठेवून या वर्तुळावर व च्या दिशेनं कोशीचं इंटिग्रल लिहा. जे फंक्शन मिळेल त्याला भ म्हणू. भ अख्ख्या बायडिस्कवर होलोमॉर्फिक. ते फ शी जुळतं का? आरंभबिंदू क्लोजरमध्ये आहे, त्यामुळे त्याच्याभोवतीचं एक लहानसं बायडिस्क, समजा ε त्रिज्येचं, फ च्या ताब्यात आहे. झ चा मापांक ε पेक्षा लहान घेतला की व च्या पातळीत काय दिसतं? |व| < ε हा भाग लहान बायडिस्कनं दिला, |व| ≥ |झ| हा भाग क्लोजरनं दिला. दोन्ही मिळून अख्खी डिस्क. तेव्हा तिथे कोशी लागू, भ = फ, आणि त्रिकोण जोडलेला असल्यामुळे सगळीकडे भ = फ. मूळ त्रिकोणात आरंभबिंदू नव्हता म्हणून हे चाललं नसतं. क्लोजर घेताना तो एक बिंदू आत आला आणि डाव फिरला.

हेच चित्रात बघायचं तर अक्षांवर |झ| आणि |व| ऐवजी त्यांचे लॉग घ्या. त्रिकोण म्हणजे लॉग|झ| < लॉग|व| < ०, खाली अनंतापर्यंत गेलेली एक बहिर्वक्र पाचर. तुमच्या आकृत्या फक्त मापांकावर ठरणाऱ्या, म्हणजे राइनहार्ट जातीच्या. अशा आकृतीला लॉग-चित्र बहिर्वक्र हवं, आणि ती एखाद्या अक्षाला आतून शिवत असेल तर त्या अक्षापर्यंतचा सगळा भाग भरलेला हवा. त्रिकोण झ = ० ला शिवतो आणि त्या बाजूनं भरलेला आहे. व = ० ला तो आतून शिवतच नाही, म्हणून तिकडून भरण्याची सक्ती नाही. पण क्लोजरचं कुठलंही शेजार घ्या, ते आरंभबिंदूपाशी व = ० ला शिवणारच. शिवलं की सक्ती लागू. लॉग-चित्रात आरंभबिंदू दिसतच नाही, दोन्ही लॉग उणे अनंताला गेलेले असतात. म्हणून तर तो गुन्हा करून सुटतो.

मी आयुष्यभर बेळगावात बीएस्सीला शिकवलं. हॉर्मांडरचं १९६६ चं पुस्तक धारवाडच्या लायब्ररीतून आणून वहीत उतरवून काढलं होतं, झेरॉक्स तेव्हा परवडत नसे. त्या वाचनात एक गोष्ट पक्की झाली. लेवीनं १९१० च्या सुमारास सीमेच्या वक्रतेवरची स्यूडोकॉन्व्हेक्सपणाची अट काढली, कार्तान आणि टुलेननी १९३२ मध्ये डोमेन ऑफ होलोमॉर्फीची आतून ओळख दिली, आणि लेवीची अट पुरेशीही आहे हे ओकानं १९४२ मध्ये दोन चलांसाठी आणि १९५३ मध्ये कितीही चलांसाठी सिद्ध केलं. ब्रेमरमान आणि नॉर्गे यांनीही १९५४ मध्ये आपापल्या वाटेनं ते गाठलं. एवढा मोठा डोंगर चढून काय मिळालं? आत एक हट्टी फंक्शन आहे, एवढंच. ते सीमेवर शिस्तीत राहील असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, कारण प्रश्नच तसा नव्हता. विद्यार्थी हे न लिहिलेलं वाचतात आणि मग अडतात.

तुमच्या दुसऱ्या विचारण्याची सुरुवात करून देतो, पुढचं तुम्ही करा. त्रिकोणावरचं प्रत्येक होलोमॉर्फिक फंक्शन झ चा ज-वा घात गुणिले व चा क-वा घात अशा पदांच्या श्रेणीत लिहिता येतं. ज शून्य किंवा धन, क कुठलाही पूर्णांक. फंक्शन बाउंडेड असेल तर झ/व आणि व या नव्या चलांत ते भोकावरून पलीकडे जातं, रीमानचं जुनंच प्रमेय. त्यातून ज + क ऋण असू शकत नाही एवढं मिळतं. झ/व हे पद बसतं, बाउंडेड आहे, पण बायडिस्कवर जात नाही. म्हणजे नुसतं बाउंडेड पुरत नाही. झ²/व घेऊन बसा आणि काय दिसतं ते इथे लिहा.


खानापूरची_गेस्ट:

सर, ε वालं वाचल्यावर जीव भांड्यात पडला. आरंभबिंदू क्लोजरमध्ये येतो हे मला माहीत होतं, त्याची किंमत कळली नव्हती.

झ²/व करून बघितलं. त्रिकोणात |झ| < |व| असल्यामुळे |झ²/व| हे |झ| पेक्षा लहान, म्हणून आरंभबिंदूकडे जाताना ते शून्याला जातं. म्हणजे क्लोजरवर सतत आहे. झ च्या दिशेनं डेरिव्हेटिव्ह घेतलं की २झ/व. हे बाउंडेड आहे पण आरंभबिंदूपाशी कुठल्या दिशेनं जाल तसं वेगळं उत्तर देतं. म्हणून सतत आहे, पण एकदा डेरिव्हेटिव्ह घेऊन सतत राहत नाही. झ³/व घेतलं तर एक पायरी वर चढता येतं. घात वाढवत गेलं की हव्या तितक्या डेरिव्हेटिव्हपर्यंत सीमेवर नीट वागणारं आणि तरीही बायडिस्कवर न जाणारं फंक्शन मिळतं.

मग वाटलं, सगळी डेरिव्हेटिव्ह एकदम मागितली तर? झ च्या दिशेनं ज वेळा डेरिव्हेटिव्ह घेऊन झ = ० ठेवलं. ० < |व| < १ असलेले हे बिंदू त्रिकोणातच आहेत. तिथे फक्त व च्या घातांची श्रेणी उरते. फंक्शन क्लोजरवर गुळगुळीत असेल तर ही श्रेणी व शून्याकडे जाताना बाउंडेड राहायला हवी, मग तिच्यात ऋण घात राहूच शकत नाही. हे प्रत्येक ज साठी खरं. तेव्हा क ऋण असलेली सगळी पदं गळतात, साधी पॉवर सिरीज उरते आणि ती बायडिस्कवर जाते.

म्हणजे कितीही पण मोजकी डेरिव्हेटिव्ह मागितली तर सांडत नाही, सगळी मागितली की सांडतं. क्लोजरच्या बाहेर पाऊल टाकायचीही गरज नाही. बरोबर ना?

आणि निपाणीकरांचा प्रश्न मलाही आहे. सीमा सगळीकडे गुळगुळीत असती तर?


शहापूरचे_निवृत्त:

बरोबर. शेवटचा परिच्छेद मी लिहिला असता तर यापेक्षा लांब झाला असता.

गुळगुळीत सीमेचं माझं वाचन जुनं आहे. बेंगळूरची पोरं इथे येतात, त्यांच्यापैकी कुणीतरी लिहा.


अथणी_ते_बेंगळूर:

सर नमस्कार. ताई, मी अथणीचा, सध्या बेंगळूरला याच विषयात पीएचडी करायलोय. हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून लिहितोय, त्यामुळे थोडं तुटक होईल.

निपाणीचे दादा म्हणाले ते एका अर्थी खरं निघालं, आणि दुसऱ्या अर्थी साफ खोटं. दोन्ही सांगतो.

खरं असं: डोमेन बाउंडेड, स्यूडोकॉन्व्हेक्स आणि सीमा सगळीकडे गुळगुळीत असेल, तर क्लोजरवर सगळ्या डेरिव्हेटिव्हसकट गुळगुळीत असलेलं आणि तरीही सीमेच्या कुठल्याच बिंदूपलीकडे न जाणारं फंक्शन मिळतं. हे १९८० मध्ये कॅटलिननं, आणि वेगळ्या वाटेनं हाकिम आणि सिबोनी यांनी दाखवलं. म्हणजे ताईंनी त्रिकोणावर जे सांडताना पकडलं ते गुळगुळीत सीमेवर होत नाही. यामागे जोसेफ कोन या गणितज्ञाचं १९७३ चं काम आहे. सीमेपर्यंत नियंत्रण ठेवून डी-बार समीकरण (फंक्शन होलोमॉर्फिक असण्यापासून किती ढळतं ते सांगणारं) सोडवायचं. हॉर्मांडरच्या १९६५ च्या पद्धतीनं आत उत्तर मिळतं, पण सीमेपर्यंत गुळगुळीत उत्तर हवं तर जास्त घाम गाळावा लागतो.

खोटं असं: क्लोजरच्या भोवती होलोमॉर्फिक, हा टिपणातला गट घेतला तर गुळगुळीत सीमाही वाचवत नाही. डीडरिख आणि फोर्नेस यांनी १९७७ मध्ये एक डोमेन बांधलं, सगळे त्याला वर्म (अळी) डोमेन म्हणतात. व च्या पातळीत १ त्रिज्येची डिस्क घ्या, केंद्र एकक वर्तुळावर, म्हणजे तिचा काठ शून्यातून जातो. आता |झ| चा लॉग वाढेल तसं ते केंद्र शून्याभोवती फिरवत न्या, आणि दोन्ही टोकांना डिस्क लहान करत डोमेन गुळगुळीत बंद करा. सीमेवर व = ० या पातळीत एक अख्खं कंकण येतं, आणि त्याच्या आतल्या काठाकडून बाहेरच्या काठाकडे जाताना सीमेचा लंब गरगर फिरतो. फिरणं पुरेसं झालं की क्लोजरभोवती होलोमॉर्फिक असलेली सगळी फंक्शन्स त्याच्या बाहेरच्या एका ठरावीक जागेत शिरतात. हिडकलचं बॅकवॉटर जसं सखल जागा दिसली की घुसतं, अगदी तसं. इथे सखल जागा आहे हे सीमेच्या एखाद्या बिंदूपाशी उभं राहून कळतच नाही. प्रत्येक बिंदूवर लेवीची अट पाळलेली आहे, अख्खा फेरा बघितल्याशिवाय गडबड दिसत नाही.

सीमा काटेकोर स्यूडोकॉन्व्हेक्स असेल, म्हणजे लेवीची अट कुठेही शून्याला न टेकता पाळली असेल, तर यातलं काहीच होत नाही. तिथे प्रत्येक सीमाबिंदूपाशी चलं बदलून सीमा खरोखरीची बहिर्वक्र करता येते. कंकणासारखं काही तिच्यात मावतच नाही. फेफरमनचं १९७४ चं प्रमेय, की अशा दोन बाउंडेड गुळगुळीत डोमेनमधलं बायहोलोमॉर्फिक मॅपिंग सीमेपर्यंत गुळगुळीत जातं, ते याच सुखी प्रदेशातलं.

वर्म डोमेनचं पुढं फार झालं. १९९२ मध्ये बॅरेटनं दाखवलं की तिथलं बर्गमन प्रोजेक्शन (म्हणजे काय ते खाली सांगतो) वरच्या सोबोलेव्ह स्पेसेस (जिथे फंक्शनसोबत त्याची बरीच डेरिव्हेटिव्हही वर्ग-इंटिग्रेबल असतात) सांभाळत नाही, आणि १९९६ मध्ये ख्राइस्टनं दाखवलं की सीमेपर्यंत गुळगुळीत फंक्शन दिलं तरी प्रोजेक्शनचं उत्तर गुळगुळीत येईलच असं नाही. हे पुरावे अवघड आहेत, मी स्वतः ख्राइस्टचा पूर्ण पचवलेला नाही.

पण ताई, तुमच्या त्रिकोणावर बर्गमन प्रोजेक्शनचा एक हिशेब इतका सोपा आहे की तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. बर्गमन प्रोजेक्शन म्हणजे वर्ग-इंटिग्रेबल फंक्शनला त्याच्या सगळ्यात जवळच्या होलोमॉर्फिक फंक्शनकडे नेणारं लंब प्रक्षेपण. व स्थिर धरला की झ ची जागा म्हणजे |व| त्रिज्येची डिस्क, तिचं क्षेत्रफळ पाय गुणिले |व|². म्हणून |१/व|² चं इंटिग्रल त्रिकोणावर पाय-वर्ग येतं, सांत. १/व आरंभबिंदूपाशी फुटतं, पण तिथे त्रिकोण इतका निमुळता आहे की वर्ग-इंटिग्रल खपून जातं. सरांच्या भाषेत, बाउंडेडला ज + क ≥ ० लागत होतं, वर्ग-इंटिग्रेबलला ज + क ≥ −१ पुरतं.

आता व चा कॉन्जुगेट घ्या. बाउंडेड, सज्जन, सीमेपर्यंत गुळगुळीत, फक्त होलोमॉर्फिक नाही. त्याचं प्रोजेक्शन काय? झ फिरवला तर हे फंक्शन बदलत नाही आणि व फिरवला तर उलटं फिरतं, म्हणून प्रोजेक्शनमध्ये १/व हे एकच पद येऊ शकतं. सहगुणक काढायला दोघांचा अंतर्गुणाकार घ्या, तो त्रिकोणाचं घनफळ येतो, म्हणजे पाय-वर्ग भागिले २. वर काढलेल्या पाय-वर्गनं भागा. उत्तर १/(२व).

सज्जन माणूस आत पाठवला आणि बाहेर आला तो फुटका. १/व च्या मापांकाचा प-वा घात इंटिग्रेट करून बघा, प हा ४ पेक्षा लहान असेल तरच सांत राहतो. म्हणून प ४ किंवा त्याहून मोठा असेल तर ज्यांच्या मापांकाचा प-वा घात इंटिग्रेबल आहे अशा फंक्शन्सच्या स्पेसवर बर्गमन प्रोजेक्शन बाउंडेड असू शकत नाही, आणि ड्युअलिटीनं (प च्या जागी प/(प − १) ठेवून) ४/३ किंवा त्याच्या खालीही नाही. ४/३ आणि ४ च्या मध्ये ते खरोखर बाउंडेड आहे. चक्रवर्ती आणि झेतुंजू, २०१६. गुळगुळीत काटेकोर स्यूडोकॉन्व्हेक्स डोमेनवर १ आणि अनंत यांच्या मधला प्रत्येक प चालतो, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा.


निपाणीकर_क्लासवाला:

अर्धं खरं निघालं की वो, लई झालं. वर्मचं चित्र काढायला बसलो तर कागदावर काय मावंना. पण १/(२व) चा हिशेब माझाबी सुटला. तो पोरांना दाखवणार न्हाई, सीईटीत येत न्हाई म्हणतील.


शहापूरचे_निवृत्त:

अथणीकर, छान. एक भर घालतो. मॅडमना आता वाटेल की काटेकोर नसलेली सीमा आली की कंकण शोधायचं, नसलं की सुखी. तसं नाही. कोन आणि निरेनबर्ग यांचं १९७३ चं उदाहरण बघा. दोन चलांत सीमेवर असा एक बिंदू, जिथे एकही कंकण, एकही डिस्क नाही, लेवीची अट पाळलेली, आजूबाजूला सगळं काटेकोर. तरी त्या बिंदूपाशी तुम्ही कुठलीही होलोमॉर्फिक चलं घ्या, सीमा बहिर्वक्र होत नाही. त्या बिंदूतून जाणारा कुठलाही होलोमॉर्फिक वक्र डोमेनच्या आतही शिरतो आणि बाहेरही जातो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगायचो की स्यूडोकॉन्व्हेक्स म्हणजे ‘चलं बदलली की कॉन्व्हेक्स’ असं मनात धरू नका. त्यांनी ते धरलंच, तो भाग वेगळा.

वाचायचा क्रम विचाराल तर माल्ग्रांजच्या नोट्स सोडू नका. त्या लिहून काढल्या राघवन नरसिंहन यांनी, पुढे लेवीच्या प्रश्नावर त्यांनी स्वतः मोठं काम केलं. १९७१ चं त्यांचं पुस्तकही बारीक आहे, प्रवासात पिशवीत मावतं. हॉर्मांडर त्यानंतर. आधी हॉर्मांडर उघडलात तर अंदाजांच्या जंगलात चित्र हरवेल. रँगेचं जाडजूड पुस्तक मिळालं तर तेही ठेवा, उदाहरणं भरपूर आहेत.


खानापूरची_गेस्ट:

अथणीचे भाऊ, तो हिशेब पुन्हा केला आणि मग त्रिकोण जरा फुगवून बघितला, |झ|² < |व| < १. आता व स्थिर धरला की झ च्या डिस्कचं क्षेत्रफळ पाय गुणिले |व|, म्हणजे आरंभबिंदूपाशी डोमेन पहिल्याइतकं निमुळतं नाही. फिरवण्याचा युक्तिवाद तसाच चालतो, त्यामुळे व च्या कॉन्जुगेटचं प्रोजेक्शन पुन्हा १/व च्या पटीतच येतं. पण १/व चा प-वा घात आता प हा ३ पेक्षा लहान असेल तरच इंटिग्रेट होतो. ४ चा ३ झाला. ड्युअलिटीनं खालची बाजू ३/२.

मला उलटं वाटलं होतं. फुगवलं की डोमेन सुधारेल, मर्यादा रुंदावेल असं. ती अरुंद झाली. घात आणखी वाढवत गेलं तर ती २ कडे मिटत जाणार असं दिसतंय. हे कुणी केलंय का? आणि घात पूर्णांक नसेल तर काय?


अथणी_ते_बेंगळूर:

ताई, बरोबर जागी पोचलात. एडहोम आणि मॅकनील यांनी हेच केलंय, २०१६ च्या सुमाराला. घात न हा धन पूर्णांक असेल तर वरची मर्यादा (२न + २)/न आणि खालची (२न + २)/(न + २). न = १ ठेवा, ४ आणि ४/३. न = २ ठेवा, तुमचे ३ आणि ३/२. न वाढला की दोन्ही बाजू २ कडे सरकतात, तुम्ही म्हणता तसंच.

अरुंद होण्याचं कारण तुमच्याच ओळीत आहे. १/व ला आवरत होता तो त्रिकोणाचा निमुळतेपणा. डोमेन फुगलं तसा तो आवर सुटला.

घात परिमेय असेल तर २ च्या दोन्ही बाजूंना एक पट्टा उरतो, आणि तो त्या अपूर्णांकाचा अंश आणि छेद काय आहेत यावर ठरतो, घाताच्या नुसत्या मोठेपणावर नाही. अपरिमेय असेल तर पट्टा उरतच नाही, फक्त प = २. म्हणजे घात २ असताना ३/२ ते ३ चालतं, आणि तो २ वरून केसभर हलवून अपरिमेय केलात की सगळं बंद. पेपर मेसेजमध्ये पाठवतो, पूर्णांक घाताचा भाग आधी वाचा, त्याला तुम्ही आत्ता केलेल्यापेक्षा फार जास्त काही लागत नाही.